आधी हातातलं, मग आकाशातलं

सदर : शाळा सुटल्यावर

शारजाहून उम्म अल कुवेनकडे जाताना रस्त्यालगत एक भलंमोठं रशियन मालवाहू विमान कित्येक वर्षं वाळूत उभं होतं. इल्युशिन-७६. अंगावर एका हॉटेलची जाहिरात रंगवलेली, ऊन खाऊन रंग उडालेला. आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलं असेल. आमचे चिरंजीव गाडीत मागच्या सीटवर बसायला लागल्यापासून त्या विमानाची वाट पाहायचे. ते दिसलं की ठरलेला प्रश्न, "बाबा, ते उडत का नाही?" आणि ठरलेलं उत्तर, "चालवणारा नाही म्हणून." २०२२ मध्ये ते विमान तोडून नेलं. त्या वेळी आमच्या घरातही एक विमान कपाटावर पडून होतं. त्याला चालवणारा होता, पण उडवायची परवानगी नव्हती. ते कसं, ते पुढे येईलच.

यंदा मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत दोन मैत्रिणींनी एकच प्रश्न विचारला. "मुलाला ते रिमोटचं विमान हवंय. कुठलं घेऊ?" मी म्हटलं, विमान नंतर घ्या, रिमोट आधी. दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी म्हणत होते की घोडा राहू दे, आधी लगाम आण. रांगेत सगळं सांगता आलं नाही. म्हणून यंदाचं सदर त्या दोघींसाठी, आणि ज्यांच्या घरी हा प्रश्न येत्या हिवाळ्यात येणार आहे त्यांच्यासाठी.

माझं शिक्षण मराठी विषयातलं, एम.ए. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं शाळेत शिकवलं. विमानांशी संबंध फक्त सुटीत भारतात जाण्यापुरता. नवरा मात्र कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये होता. तिथे त्याने बाल्सा लाकडाची विमानं केली आणि दोन तारांना बांधून स्वतःभोवती गोल गोल उडवली, चक्कर येईपर्यंत. रेडिओवर चालणारं विमान तेव्हा त्यांच्यासाठी लांबून पाहायची गोष्ट होती. त्यामुळे २०२१ च्या हिवाळ्यात मुलाच्या नवव्या वाढदिवसाला विमान घ्यायचं ठरलं, तेव्हा घरात दोन मुलं उतावीळ झाली होती. हिशेब ठेवायला मी एकटी.

आम्ही जी चूक केली तीच बहुतेक जण करतात. विमान पाहून भुललो. थर्माकोलसारख्या फोमचं, पांढरं, लाल पट्ट्यांचं. ते घेतलं, आणि रेडिओ "बघू कुठला तरी" म्हणून एका कुटुंबाकडून वापरलेला घेतला. ते कायमचे भारतात परत चालले होते, आणि इथे परत जाणाऱ्यांच्या घरातल्या वस्तू कशा निघतात ते आपल्याला माहीत आहे. फ्रिज, सायकल, कुंड्या, आणि त्यातच हा सहा चॅनेलचा रेडिओ. स्वस्तात मिळाला म्हणून मी खूश होते.

आता हा रेडिओ म्हणजे काय ते सांगते. खेळण्याच्या दुकानातलं विमान खोक्यात आपल्या रिमोटसकट येतं. ते दोघे एकमेकांपुरतेच असतात. विमान मोडलं की बहुतेक वेळा रिमोटही कचऱ्यात. छंदाच्या विमानाचं तसं नाही. तुमच्या हातात असतो तो ट्रान्समीटर. विमानाच्या पोटात काडेपेटीएवढा रिसीव्हर. त्याला जोडलेल्या छोट्या मोटरी म्हणजे सर्व्हो, त्या पंखांवरच्या आणि शेपटीवरच्या पट्ट्या हलवतात. तुम्ही दांडी जितकी सरकवाल तितकीच पट्टी हलते, हे यातलं खरं कौतुक. कल्पना जुनी आहे. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या टाकीत एक लहानशी बोट बिनतारी चालवून दाखवली होती.

एका कामाला एक चॅनेल. विमान डावीकडे-उजवीकडे कलवायला एक, नाक वर-खाली करायला एक, शेपटीच्या सुकाणूला एक, आणि इंजिनाच्या वेगाला एक. असे चार झाले की पूर्ण विमान उडतं. पुढे फ्लॅप, आत घेता येणारी चाकं वगैरे हवी असतील तर आणखी दोन. म्हणून पहिला रेडिओ सहा चॅनेलचा घ्यावा. दुकानात बारा-सोळा चॅनेलचा दाखवतील. पहिलीतल्या मुलाला आपण शंभर पानी वही देतो, दोनशे पानी रजिस्टर नाही.

पण चॅनेलपेक्षा महत्त्वाची गोष्ट भाषेची आहे. पूर्वी हे रेडिओ ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झवर चालायचे आणि प्रत्येकाच्या सेटमध्ये ठरावीक क्रमांकाचा क्रिस्टल असायचा. मैदानावर एक फळी आणि त्यावर कपड्यांचे चिमटे. आपल्या क्रमांकाचा चिमटा हाती आल्याशिवाय रेडिओ सुरू करायचा नाही, कारण त्याच क्रमांकावर दुसरं विमान हवेत असेल तर ते कोसळणार. २००५ च्या सुमारास २.४ गिगाहर्ट्झचे संच बाजारात आले आणि चिमटे गेले. आता रिसीव्हर आपल्या ट्रान्समीटरशी एकदा जोडून घ्यायचा, त्याला बाइंडिंग म्हणतात. त्यानंतर मैदानावर वीस रेडिओ चालू असले तरी तो फक्त आपल्याच ट्रान्समीटरचं ऐकतो. गोठ्यात वासरू बरोबर आपल्याच गाईकडे जातं, तसं.

मात्र प्रत्येक कंपनीची बोली वेगळी. स्पेक्ट्रमचा ट्रान्समीटर फुताबाच्या रिसीव्हरशी बोलत नाही, फ्लायस्कायचा फ्रस्कायशी नाही. म्हणजे आज तुम्ही ट्रान्समीटर निवडलात की पुढच्या प्रत्येक विमानात कुठला रिसीव्हर बसेल तेही ठरलं. किंमत पाहताना एकट्या ट्रान्समीटरची पाहू नका, त्याच्या सुट्या रिसीव्हरची पण पाहा, कारण ट्रान्समीटर एकदा घ्याल आणि रिसीव्हर चार वेळा. रेडिओमास्टरसारख्यांचे काही संच अनेक बोली बोलतात. ते उत्तम आहेत, पण त्यांचा मेनू समजायला घरात चिकाटीचं माणूस हवं. फ्लायस्कायचा साधा सहा चॅनेलचा संच स्वस्त आहे आणि नवख्याला पुरतो. स्पेक्ट्रमचे महाग, पण रिसीव्हर बसवूनच येणारी कितीतरी विमानं त्याच बोलीत येतात.

आता आमच्या स्वस्त रेडिओचं काय झालं ते ऐका. पहिल्या दिवशी आम्ही विमान घेऊन मैदानावर गेलो. तिथे एक वयस्क मल्याळी गृहस्थ नव्या मुलांना शिकवतात. मुलं त्यांना अंकल म्हणतात. मी शिक्षिका होते हे कळल्यापासून ते मला टीचर म्हणतात. त्यांनी रेडिओ हातात घेतला, डावी दांडी वर ढकलली, ती मध्यावर परत आली, आणि ते हसले. "टीचर, हा मोड वन आहे. इथे आम्ही सगळे मोड टू."

मला वाटलं, एक आणि दोन, असा काय फरक पडणार? फरक असा. मोड टूमध्ये इंजिनाचा वेग डाव्या दांडीवर असतो आणि नाक वर-खाली करणं उजव्या दांडीवर. मोड वनमध्ये नेमकं उलट. कुठलाही वाईट नाही. जगात दोन्ही चालतात आणि दोन्हींचे पट्टीचे उडवणारे आहेत. पण बोटांना एकदा सवय लागली की ती सुटत नाही. आणि ज्याच्याकडून शिकायचं त्याची बोटं वेगळ्या दांडीवर असतील, तर घाईच्या क्षणी त्याने तुमचा रेडिओ हातात घेऊन काही उपयोग नाही. मी दुकानांत, मित्रमंडळींत, सगळीकडे विचारलं होतं की कुठला रेडिओ चांगला. ज्यांच्याकडे मूल शिकणार होतं त्यांना विचारलं नव्हतं. शिक्षिका असून!

अंकलनी त्या संध्याकाळी मागचं झाकण उघडून स्प्रिंग इकडची तिकडे केली, मेनूत मोड बदलला, आणि आमचे दिरहम वाचले. सगळ्याच संचांत हे इतकं सोपं नसतं.

त्यांनी दुसरी गोष्ट दाखवली ती ट्रेनर केबल. दोन रेडिओ एका वायरने जोडायचे. विमान गुरूच्या रेडिओचं ऐकतं. गुरूने एक स्विच दाबून धरला की सूत्रं मुलाकडे जातात, स्विच सोडला की त्याच क्षणी परत गुरूकडे. नवीन संचांत हे वायरीशिवायही होतं. पण बहुतेक वेळा दोन्ही रेडिओ एकमेकांना समजणारे हवेत. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की रेडिओ निवडण्याआधी मैदान निवडा, तिथला शिकवणारा निवडा, आणि त्याच्या हातात जो रेडिओ असेल त्याच्याशी जुळणारा घ्या. मासिकात कितीही तारे मिळालेला संच असो, शेजारी उभ्या माणसाला तो वापरता येत नसेल तर तो तुमच्या मुलासाठी नाही.

डिसेंबरात दोनदा मुलाने त्या वायरीवर विमान उडवलं. मग जानेवारी आला. १७ जानेवारी २०२२ ला अबू धाबीवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रांनी हल्ला झाला, माणसं गेली. काही दिवसांतच देशभर हौशी ड्रोन आणि हलक्या क्रीडा-विमानांच्या उड्डाणांवर बंदी आली. ती बरोबरच होती, त्याबद्दल घरात कुणाची तक्रार नव्हती. पण नऊ वर्षांच्या मुलाला कपाटावरचं विमान दिसत राहतं. मी ते बेडखाली ठेवलं. त्याने ते पुन्हा कपाटावर ठेवलं.

विमान तीन वर्षं तिथेच राहिलं. रेडिओ मात्र एक दिवसही पडून नव्हता. यूएसबीची वायर लावून तो कॉम्प्युटरला जोडला, सिम्युलेटर घेतला, आणि चिरंजीव पडद्यावर विमानं पाडायला लागले. पहिल्या महिन्यात किती पाडली त्याचा हिशेब नाही. खऱ्या मैदानावर तेवढी पाडली असती तर मी हा छंदच बंद केला असता. विमान आपल्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं होतं, तिथे सगळे नवखे फसतात. जो पंख खाली झुकला असेल त्याच बाजूला दांडी सरकवायची, म्हणजे पंखाला खालून टेकू द्यायचा, हे तो पडद्यावरच शिकला. म्हणून रेडिओ घेताना विचाराच की तो सिम्युलेटरला जोडता येतो का. आपल्याकडे जून ते सप्टेंबर दुपारी बाहेर काही उडवता येत नाही. ते चार महिने याच वायरीवर काढायचे असतात.

२०२४ च्या शेवटी बंदी टप्प्याटप्प्याने उठायला लागली आणि जानेवारी २०२५ पासून व्यक्तींनाही नोंदणी करून उडवण्याची वाट मोकळी झाली. यूएई ड्रोन्स हे अधिकृत अ‍ॅप आहे. मॉडेल विमानसुद्धा मानवरहित विमानच, ते काही पतंग नाही, हे धरून चालावं. प्रत्येक अमिरातीत जागा आणि अटी वेगळ्या असू शकतात, आणि नियम बदलतात. तेव्हा एक दिरहम खर्च करण्याआधी अ‍ॅपवर आणि स्थानिक प्राधिकरणाकडे चौकशी करा. "वाळवंटात कोण बघतंय" हे वाक्य घरात मुलासमोर बोलू नका. आणि भाच्यासाठी सुटीत काही घेऊन जायचा विचार असेल तर भारतात तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, हेही लक्षात असू द्या.

कागदपत्रं झाली आणि आम्ही पुन्हा मैदानावर गेलो. मुलगा आता माझ्या खांद्याच्या वर आलेला, गाडीत एक शब्द बोलला नाही. विमान जोडलं, बॅटरी लावली. अंकलनी नेहमीप्रमाणे मागे उभं राहून सांगितलं, "दांडी उजवीकडे." उजवीकडे सरकवली की उजव्या पंखावरची पट्टी वर जायला हवी. ती खाली गेली.

झालं असं होतं. एका ट्रान्समीटरमध्ये अनेक विमानांच्या नोंदी ठेवता येतात, त्याला मॉडेल मेमरी म्हणतात. चिरंजीवांनी सिम्युलेटरसाठी दुसरी नोंद केली होती, तिच्यात ती दिशा उलटी होती, आणि तीन वर्षं तीच वापरात होती. पहिली निवडायला तो विसरला. तसंच उडवलं असतं तर विमान उचलल्याबरोबर कलंडलं असतं, आणि जितकं सावरायला जावं तितकं आणखी कलंडलं असतं. आमच्यापासून काही पावलांवर दुसऱ्या घरची दोन लहान मुलं खुर्च्यांवर बसली होती.

दोन बटणं दाबून नोंद बदलता आली असती. अंकलनी बॅटरी काढली आणि म्हणाले, "आज नाही. पुढच्या शनिवारी."

मला राग आला, खरं सांगते. तीन वर्षं थांबलेल्या मुलाला आणखी एक आठवडा? परतीच्या वाटेवर तो खिडकीबाहेर बघत होता. मी अंकलबद्दल काहीतरी बोलायला गेले तर तोच म्हणाला, "आई, ती खुर्चीवरची मुलं पाहिलीस?" मी गप्प बसले. वर्गात इतकी वर्षं शिकवून मी चूक झाली की लगेच दुरुस्त करून द्यायचे, मुलाला वाईट वाटू नये म्हणून. त्या आठवड्यात त्याने एका कागदावर उड्डाणाआधीची यादी लिहिली आणि रेडिओच्या मागे चिकटवली. ती इथे देते, तुमच्या उपयोगी पडेल.

एक, पडद्यावर नाव याच विमानाचं आहे का. दोन, ट्रान्समीटर आधी सुरू, मग विमान. बंद करताना आधी विमान, मग ट्रान्समीटर. तीन, चारही दिशा हलवून पाहायच्या, बोटाने नाही, डोळ्यांनी. चार, रेंज तपासणी. संचात ती सोय असेल तर रेडिओची शक्ती मुद्दाम कमी करून पुस्तिकेत सांगितलेली पावलं दूर जायचं आणि तरी पट्ट्या हलतात का पाहायचं. पाच, फेलसेफ.

फेलसेफबद्दल दोन वाक्यं जास्त, कारण रेडिओ निवडताना मी आज सगळ्यांत आधी हेच विचारीन. संपर्क तुटला तर विमानाने काय करायचं, हे रिसीव्हरला आधी सांगून ठेवता येतं. उत्तर एकच, इंजिन बंद. मग विमान जवळपास कुठेतरी उतरेल किंवा पडेल, पण पूर्ण वेगाने वस्तीकडे जाणार नाही. ही सोय आहे का, आणि ती तुम्ही लावली आहे का, हे पंखा काढून ठेवून जमिनीवर तपासा. ट्रान्समीटर बंद करा, मोटर थांबली पाहिजे. ज्या संचात हे नाही तो फुकट मिळाला तरी घेऊ नका.

इथल्या हवेच्या दोन गोष्टी. लिपो बॅटरी उन्हातल्या गाडीत कधीच ठेवायची नाही, दहा मिनिटांसाठीही नाही. ती फुगते आणि पेट घेऊ शकते. चार्ज होत असताना घरात माणूस हवं. दुसरं म्हणजे बारीक वाळू. ती दांड्यांच्या सांध्यांत शिरते आणि मग दांडी अडकत चालते. आमचा रेडिओ जुन्या बेडशीटच्या शिवलेल्या पिशवीत जातो आणि पिशवीतच येतो. आणि रिसीव्हरच्या अँटेनाचं टोक उघडं, साधारण तीन सेंटीमीटर, असतं. ती लोंबणारी वायर समजून नीटनेटक्या आईने कापू नये. मी कात्री हातात घेतलीच होती.

पुढच्या शनिवारी केबल लागली. मुलाने यादी वाचली, मोठ्याने. अंकलनी विमान वर नेलं, स्विच दाबला, सूत्रं त्याच्याकडे दिली. मी त्यांच्या बोटाकडे पाहत होते. विमानाने एक मोठा फेरा घेतला, मग दुसरा, वाऱ्याने थोडं डगमगलं आणि सावरलं. ते बोट स्विचवरून सुटलं नाही, पण विमान एकदाही परत मागून घ्यावं लागलं नाही. उतरवलं मात्र अंकलनी. ते म्हणाले, उतरवणं मार्चमध्ये.

मार्चमध्ये त्याने उतरवलं. चाक मोडलं, विमान नाही. एप्रिलमध्ये विमानही मोडलं, पंख मधून. नवरा आणि मुलगा आता दुसरं विमान बघतायत आणि मी हिशेब. नव्या विमानाला एक रिसीव्हर लागेल, त्याच बोलीचा. रेडिओ तोच राहणार आहे, मागे चिकटवलेल्या कागदासकट.

थंडी सुरू होतेय. मैदानावर आलात तर खुर्च्या जरा मागे मांडा.